फिरत्या रिळाची फेक आणि अंगठा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी वेदनारहित प्रसूती, शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास किंवा तत्सम विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. वाचकांनीही ती आजवर निमूटपणे सोसली. यंदा विषय बदलण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. त्याचे कारण असे, की गेल्या दोन वर्षांत आपल्या तीन सभासदांना किनाऱ्यावरून गरवण्याचा छंद जडला. परदेशी असलेल्या मुलांकडून त्यांनी उत्तम मल्टिप्लायर रिळे मागवली आणि पहिल्याच रविवारी तंगुसाचा न सुटणारा गुंता करून ती कपाटात ठेवून दिली. त्यांपैकी एकाने तर रिळ बिघडले आहे असे समजून ते माझ्याकडे तपासणीसाठी पाठवले. रिळ ठणठणीत होते.

किनाऱ्यावरून फेकण्यासाठी दोन जातींची रिळे वापरात आहेत. एका जातीत स्पूल स्थिर असते आणि फेकीच्या वेळी वेढे त्याच्या कडेवरून एकामागून एक सुटत जातात. उभ्या ठेवलेल्या रिळावरून शिवणाचा दोरा वर ओढून घ्यावा तसे. आज दुकानात सर्वत्र दिसते ते हेच. दुसऱ्या जातीत स्पूल काठीला आडवे बसवलेले असते आणि तंगूस बाहेर जायचे तर स्पूललाच फिरावे लागते, पतंगाच्या फिरकीसारखे. मूठ एकदा फिरवली की आतील दंतचक्रांमुळे स्पूलचे अनेक फेरे होतात, म्हणून त्यास मल्टिप्लायर हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी प्रांतात जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी अशी रिळे हाताने घडवीत असे. पुढे ज्या स्वीडिश कंपनीची 'अम्बॅसडर' रिळे जगभर गाजली, त्या 'आबू'चा आरंभही १९२१ साली घड्याळे व टॅक्सीचे मीटर बनवण्यापासून झाला. या यंत्राचा स्वभाव कळण्यास ही वंशावळ पुरेशी आहे. ते घड्याळाच्या कुळातील आहे आणि घड्याळाप्रमाणेच त्यास झटके सहन होत नाहीत.

लहानपणी ज्यांनी भावाची फिरकी धरली असेल, त्यांना गुंत्याचे कारण वेगळे सांगावयास नको. पतंग जोरात मांजा ओढत असतो, फिरकी गरगर फिरत असते, आणि अचानक वारा पडून ओढ सैल होते. फिरकी मात्र आपल्याच गतीने फिरत राहते व मांजाचे वेढे सुटून पायाशी पसरतात. रिळाचेही तेच. फरक केवळ वेगाचा. शिसे सेकंदाला ४० मीटर वेगाने निघाले आणि स्पूलवरील वेढ्याचा व्यास ४ सेंटिमीटर धरला, तर स्पूलला सेकंदाला सुमारे ३२० फेरे घ्यावे लागतात, म्हणजे मिनिटाला १९ हजार. आपल्या प्रयोगशाळांत रक्तद्रव वेगळा करणारा सेंट्रिफ्यूज बहुधा तीन-चार हजारांवर चालतो. आणि हा वेग स्पूलला शून्यापासून अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळात गाठायचा असतो. हातातून सुटल्या क्षणापासून शिसे हवेच्या विरोधामुळे मंदावू लागते; स्पूलला मंदावण्याचे तसे काही कारण नसते. शिशाला हवी असलेली दोरी आणि स्पूलने सोडलेली दोरी यांतील तफावत म्हणजेच गुंता.

येथपर्यंतचे भौतिकशास्त्र कोणत्याही पुस्तकात सापडेल. जे मला फार उशिरा कळले ते निराळे होते, आणि ते कळण्यासाठी मला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डंजनेस येथे दोन हिवाळे कुडकुडावे लागले. १९९३ ते १९९५ या काळात केंट परगण्यातील एका रुग्णालयात मी नोकरीस होतो. डंजनेस हा वाळूचा नव्हे, गोट्यांचा किनारा आहे. मागे दीपगृह, शेजारी अणुवीजकेंद्रे. ती आता बंद झाली. तेव्हा मात्र त्यांचे कोमट पाणी समुद्रात जेथे उसळे तेथे माशांची गर्दी होई. हिवाळ्यात कॉड मासा धरण्यासाठी माणसे रात्रभर तेथे उभी राहत. तेथील एक वृद्ध गृहस्थ, माझ्याहून हडकुळे व बुटके, माझ्या फेकीच्या दीडपट अंतरावर शिसे सहज टाकीत. मी तिशीतला, व्यायाम केलेला. मी सर्व बळ एकवटून काठी हाणीत असे आणि दर तिसऱ्या फेकीला रिळ विंचरत बसे. त्यांनी एकदा माझी काठी घेतली, रिळाचा ब्रेक तपासला, तो होता तसाच ठेवला आणि माझ्याच साहित्याने माझ्या खुणेपलीकडे शिसे टाकून दाखवले. मग म्हणाले, की तुम्ही जी फेक शेवटी करायची ती आरंभीच करून टाकता.

संपूर्ण लेखाचे सार या वाक्यात आहे, तेव्हा त्याची फोड करतो. फेकीच्या आरंभी हिसका दिला, की काठी अवेळी वाकते, लगेच थोडी उलगडते आणि मग पुन्हा वाकते. शिशाचा वेग सरळ चढत न जाता हिंदकळतो. अंगठा सुटतो तेव्हा शिसे व स्पूल यांचा मेळ आधीच बिघडलेला असतो. स्थिर स्पूलचे रिळ हा दोष पोटात घालते. फेक थोडी तोकडी पडते इतकेच. फिरते स्पूल मात्र त्याची जागच्या जागी नोंद करते. म्हणून गुंता हा रिळाचा रोग नव्हे. तो फेकीच्या पहिल्या अर्ध्या भागात घडलेल्या दोषाचे लक्षण आहे. आपण मात्र लक्षणावर उपचार करीत ब्रेक आवळत राहतो. ब्रेक आवळल्याने गुंता थांबतो, अंतर घटते, घटलेले अंतर भरून काढण्यासाठी माणूस अधिक जोराने हिसका देतो आणि पुन्हा गुंता होतो. हे दुष्टचक्र मी स्वतः वर्षभर फिरवले आहे.

आता रिळाच्या तयारीविषयी. तंगूस स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकेच भरावे आणि अंगठ्याने डावीकडून उजवीकडे सारखे पसरत, ताण देऊन गुंडाळावे. मध्येच उंचवटा झाला की वेढे एकमेकांत रुततात. मुख्य तंगूस सुमारे ०.३५ मिलिमीटर जाडीचे, पंधरा पौंड ताकदीचे पुरते. विणलेली बारीक दोरी नवशिक्याने या रिळावर वापरू नये. ती स्वतःच्याच वेढ्यांत रुतते आणि बोटही कापते. स्पूलच्या आसाला बाजूच्या गोल खटक्याने दाबून ठेवण्याची अनेकांना सवय असते. तसे न करता, स्पूल डावी-उजवीकडे किंचित हलेल, बोटाला जेमतेम कळेल, इतकी मोकळीक ठेवावी. वेग आवरण्याचे काम त्या खटक्याचे नाही, ब्रेकचे आहे.

ब्रेक दोन प्रकारचे. पहिल्यात स्पूलच्या बाजूस बारीक काड्यांवर चिमुकले ठोकळे ओवलेले असतात. स्पूल फिरू लागले की ते बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या कड्यावर घासतात. त्यांचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने फेकीच्या आरंभी, म्हणजे जेव्हा खरी गरज असते तेव्हा, ते जोराने पकडतात आणि नंतर जवळजवळ सोडून देतात. दुसरा प्रकार चुंबकाचा. ॲल्युमिनियमच्या स्पूलजवळ चुंबक आणला, की फिरत्या धातूत भोवरे-प्रवाह निर्माण होऊन तो स्पर्शाविना मंदावतो. घरोघरीच्या जुन्या विजेच्या मीटरमध्ये फिरणारी चकती आठवावी. तिलाही असाच एक चुंबक आवरीत असे. चुंबकाचा विरोध वेगाच्या साध्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत थोडा रेंगाळतो. मला स्वतःला ठोकळ्यांचा ब्रेक अधिक आवडतो. पण चुंबकाची कळ बाहेरून फिरवता येते आणि वारा बदलला की रिळ उघडत बसावे लागत नाही, ही सोय नवशिक्यास मोठी आहे. प्रारंभी ब्रेक भरपूर ठेवावा आणि सलग वीस फेकी निर्वेध झाल्यावरच एक पायरी कमी करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आपणा मंडळींना हे खरे तर सांगावे लागू नये. पण रुग्णावर एका वेळी एकच औषध बदलणारा डॉक्टर किनाऱ्यावर मात्र ब्रेक, तेल, शिसे आणि पाय ठेवण्याची रीत एकाच सकाळी बदलताना मी पाहिला आहे.

प्रत्यक्ष फेकीची जी रीत मी शिकवतो ती जमिनीवरून उचलण्याची. डोलणाऱ्या लंबकासारखी शिसे झुलवून फेकण्याची इंग्रजी पद्धत याहून दूर जाते. पण ती मोकळ्या मैदानावरील स्पर्धकांनी करावी. वर्दळीच्या किनाऱ्यावर ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उजव्या हाताच्या माणसाने डावा खांदा समुद्राकडे करून उभे राहावे, पाय खांद्याइतके फाकलेले. रिळ वरच्या, म्हणजे उजव्या हातापाशी असावे. काठीच्या टोकापासून शिशापर्यंत अर्ध्या काठीहून थोडे कमी तंगूस सोडावे. मग कमरेतून समुद्राकडे पाठ होईपर्यंत वळावे आणि शिसे मागे वाळूवर ठेवावे. काठीचे टोक जमिनीलगत, उजवा हात मागे जवळजवळ सरळ, डावा खांद्याच्या उंचीवर. तंगूस ताठ असलेच पाहिजे. सैल असेल तर ते ताठ होण्याच्या क्षणी जो धक्का बसतो तोच आपला शत्रू. येथे क्षणभर थांबावे. शिसे जमिनीवर असल्याने घाई करण्याचे काहीच कारण नसते, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच.

मग नजर प्रथम फिरवावी, क्षितिजाच्या बऱ्याच वर, आकाशात. नजरेमागून डोके, डोक्यामागून खांदे, खांद्यांमागून कंबर. हात अद्याप काही करीत नाहीत. काठी भाल्यासारखी मागून पुढे ओढली जाते आहे आणि तिची गती वाढते आहे. वजन उजव्या पायावरून डाव्यावर येते. उजवा हात कानाजवळून पुढे सरकतो, डावा समोर उंच जातो. सर्व शरीर समुद्राकडे वळल्यावर, आणि तेव्हाच, डावा हात बरगड्यांकडे खाली खेचावा व उजवा वर ढकलावा. जोर हा येथे. मागे वळून पाहिले तर आरंभ आळसावलेला वाटला पाहिजे. आपल्याकडील पाग टाकणारा नदीत उभा राहून जाळे कसे फेकतो ते एकदा नीट पाहावे. तो कमरेतून वळतो, जाळे अंगाबरोबर येऊ देतो, आणि हात अगदी शेवटी उघडतात. डंजनेसला जे शिकलो ते मांडवीच्या काठावर लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होते.

अंगठ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तो माझ्या व्यवसायाचाही अवयव आहे. पाठीच्या मणक्यात एपिड्यूरलची सुई सरकवताना सलाइनच्या पिचकारीवरील अंगठ्याला पुढचा पडदा भेदल्याचे जे कळते, ते डोळ्यांना कळत नाही. प्रतिकार नाहीसा होतो त्या क्षणी अंगठा आधी जाणतो, मन मागाहून. रिळावरील अंगठाही असाच शिकवावा लागतो, फक्त उलट दिशेने. फेकीत तो स्पूलवर घट्ट हवा, कारण त्या अर्ध्या सेकंदात स्पूल जराही निसटले तर सर्व बिघडते आणि ओल्या तंगुसाखाली कातडी भाजते. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यावर चढवावा. काठी समोर वर रोखलेली असताना अंगठा पूर्ण उचलावा. उशीर झाला तर शिसे पाण्याला चाटून जाते, लवकर सुटला तर आकाशात चढते. उचललेला अंगठा दूर नेऊ नये. स्पूलच्या वर केसभर तरंगत ठेवावा. तंगूस फुगून वर येऊ लागले तर ते आधी अंगठ्याला हलकेच शिवते. त्या वेळी तंगुसावर नव्हे, स्पूलच्या कडेवर ओझरता स्पर्श द्यावा. धोका पहिल्या सेकंदाचा असतो. शिसे पाण्याला टेकताच मात्र अंगठा पुन्हा घट्ट. हे विसरल्यामुळे होणारा गुंता सर्वांत अधिक आणि सर्वांत अक्षम्य. आणि गुंता झालाच, तर ओढाताण न करता अंगठ्याने स्पूल जोराने दाबून मूठ दोन-तीन वेळा फिरवावी व मग तंगूस हळू ओढावे. अर्धे गुंते इतक्याने सुटतात.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना आजही संकोच होतो. मुख्य तंगूस पंधरा पौंडांचे असले, तरी फेकीचा झटका ते सोसू शकत नाही. म्हणून त्याच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. त्यास शॉक लीडर म्हणतात. नियम सोपा आहे. शिशाच्या दर औंसामागे दहा पौंड ताकद; पाच औंसाच्या शिशास पन्नास पौंडांचा लीडर. लांबी अशी, की फेकीस उभे राहिल्यावरही त्याचे पाच-सहा वेढे स्पूलवर राहावेत, आणि गाठ अंगठ्याखाली न येता कडेला असावी. हे सर्व मला ठाऊक होते. गोव्यात परतल्यानंतर काही वर्षांनी, एका डिसेंबरात, मांद्र्याच्या किनाऱ्यावर भरती टळत चालली होती आणि माझा लीडर खडकाला घासून तुटला. नवा बांधण्यास दहा मिनिटे लागली असती. मी शिसे मुख्य तंगुसालाच बांधले आणि फेकले.

तंगूस तुटल्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा येतो. शिसे समुद्राकडे गेलेच नाही; ते किनाऱ्याला समांतर, डावीकडे गेले. त्या बाजूला शंभरेक पावलांवर रापण ओढली जात होती, पंधरा-वीस माणसे, बायका, मुले. मी ओरडलोही नाही. ओरडण्याइतका वेळच नव्हता. शिसे त्यांच्या अलीकडे ओल्या वाळूत घुसले. रापणीवरचे एक वयस्क गृहस्थ ते उकरून घेऊन माझ्याकडे चालत आले. "दोतोर, हें तुमचें," एवढेच बोलून ते माझ्या हातात ठेवून परत गेले. मी त्यांना ओळखत नव्हतो. ते मला ओळखत होते. नंतर कळले, की त्यांच्या सुनेस मी भूल दिली होती.

घरी येऊन हिशेब केला. पाच औंस म्हणजे १४२ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूहून थोडेसे कमी. सेकंदाला ४० मीटर म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. हा तेज गोलंदाजाचा चेंडू झाला. पण शिशाचा, आकाराने लहान, टोकदार, आणि समोर शिरस्त्राण घातलेला फलंदाज नव्हे तर वाळूत खेळणारे मूल. कवटीच्या दबलेल्या अस्थिभंगाचे रुग्ण मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिलेले आहेत. त्यानंतर सहा महिने मी काठीला हात लावला नाही. लावला तेव्हा स्वतःला तीन अटी घातल्या व त्या आजतागायत पाळल्या. लीडरशिवाय फेक नाही, मासा समोर उडी मारीत असला तरी नाही. प्रत्येक फेकीपूर्वी लीडर व गाठ नखाखालून ओढून पाहायची. नखाला खरखर लागली तर कापून नवा. आणि मागे व दोन्ही बाजूंस, केवळ समोर नव्हे, माणसे दिसत असतील तर फेकायचे नाही. पर्यटकांच्या गर्दीमुळे पुष्कळ किनारे सकाळी आठनंतर यामुळे मला बंद झाले आहेत. त्यास इलाज नाही.

याच कारणाने सराव समुद्रावर करू नये. भाताची कापणी झाल्यावर जी मोकळी शेते पडतात ती यासाठी उत्तम. मालकाची परवानगी घ्यावी, गुरे नाहीत हे पाहावे. गळ अर्थातच लावायचा नाही. पाण्यात पडलेले शिसे किती दूर गेले हे कोणासच कळत नाही आणि प्रत्येकजण ते दुप्पट सांगतो. शेतात टेप लावता येते. माझी स्वतःची चांगली फेक १०५ मीटरांच्या आसपास आहे. डंजनेसला मी ती दीडशे समजत असे. अर्ध्या जोराने साठ मीटर सलग, एका रेषेत जाऊ लागल्यावर जोर वाढवावा. बहुतेकांना आढळेल, की तीन-चतुर्थांश जोरास जे अंतर मिळते त्याहून पूर्ण जोरास फारसे अधिक मिळत नाही. कधी कमीच मिळते.

इतक्या अंतराची गोव्यात गरज काय, हा प्रश्न एका सभासदाने विचारला होता, आणि तो योग्य आहे. आपले किनारे उथळ उताराचे. लाटा जेथे प्रथम फुटतात तेथे वाळूचा बांध असतो व त्याच्या अलीकडे खोलगट पन्हळ. चोणक, तांबोशी पुष्कळदा या पन्हळीत, तीस-चाळीस मीटरांवर फिरत असतात आणि उत्साही माणूस त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकीत राहतो. नदीच्या मुखाशी ओढ असेल किंवा ओहोटीला पाणी दूर गेले असेल, तर मात्र बांधापलीकडे पोहोचावे लागते. म्हणून ओहोटीच्या वेळी एकदा रिकाम्या हाताने किनारा चालून पाहावा आणि पन्हळ कोठे आहे ते लक्षात ठेवावे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मंद वारा असतो, तेव्हा ब्रेक कमी चालतो. दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की शिसे लवकर मंदावते, तेव्हा ब्रेक एक पायरी वाढवावा व फेक थोडी खालून ठेवावी. मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे कासवे अंडी घालण्यास येतात. त्या मोसमात रात्री तेथे दिवे घेऊन जाऊ नये.

घरी आल्यावर रिळ नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये. मीठ व वाळू त्याने आतच जाते. गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, स्पूल काढून सावलीत वाळवावे, आणि दोन्ही बेअरिंगांत तेलाचा एकेकच थेंब सोडावा. पातळ तेलाने स्पूल अधिक मोकळे फिरते, तेव्हा नवशिक्याने काही महिने दाट तेल वापरावे. माझ्याकडे तपासणीस आलेल्या रिळात मी तेवढेच केले, एक ठोकळा वाढवला आणि अंगठ्यासाठी ट्यूबचा तुकडा सोबत ठेवून ते परत पाठवले. भातकापणी आटोपली, की त्या तिघांना घेऊन शेतावर जाण्याचे ठरले आहे.